शब्दचर्चा : फ्रेंच 'कम्यून'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : फ्रान्समधल्या एखाद्या खेड्याबद्दल मराठीत लिहिताना 'कम्यून'साठी काय वापरावं, गाव, ग्रामपंचायत की कम्यूनच?

'कम्यून' म्हटलं की आपल्याला 1871चं पॅरिस, तिथलं कामगारांचं बंड आणि लाल झेंडे आठवतात. फ्रेंच माणसासाठी तो रोजच्या कारभारातला शब्द आहे : स्थानिक कारभाराचा सगळ्यात लहान घटक. 14 डिसेंबर 1789च्या कायद्याने शहर आणि खेडं हा भेदच काढून टाकला. पॅरिस हे कम्यून, आणि चाळीस उंबऱ्यांचं खेडंही कम्यूनच. आज अशी सुमारे 35 हजार आहेत. म्हणून 'ग्रामपंचायत' पॅरिसला चालत नाही आणि 'नगरपालिका' खेड्याला शोभत नाही. (खेड्यातल्या मेअरला 'महापौर' केलेलं मी वाचलंय. असो.)

'गाव' म्हणावं, तर डोळ्यांसमोर घरं येतात. कम्यूनमध्ये मात्र शेतं, रान, वाड्या-वस्त्या, म्हणजे शिवेच्या आतलं सगळंच येतं. याच्या जवळ जाणारा आपला शब्द तलाठ्याच्या दप्तरात आहे : मौजे. फरक इतकाच की मौजाला स्वतःचा कारभारी असेलच असं नाही, कम्यूनला मेअर असतोच.

अगदी माणसं नसली तरी! ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्डनजवळचं फ्लरी-दव्हाँ-दुओमों घ्या. नावाचा अर्थ 'दुओमोंसमोरचं फ्लरी'. आपण बुद्रुक-खुर्द लावून सारख्या नावांची गावं वेगळी करतो, तशीच ही सोय. पहिल्या महायुद्धात, 1916च्या उन्हाळ्यात ते सोळा वेळा या सैन्याकडून त्या सैन्याकडे गेलं आणि शेवटी तिथे भिंतसुद्धा उरली नाही. न फुटलेल्या तोफगोळ्यांनी भरलेल्या जमिनीवर पुन्हा गाव वसलं नाही. पण कम्यून रद्द झालं नाही. लोकसंख्या शून्य, मतदारच नाहीत, म्हणून मेअर प्रीफेक्ट, म्हणजे त्या भागातला सरकारचा प्रतिनिधी, नेमतो. व्हर्डनच्या परिसरात अशी सहा कम्यून आहेत.

या सहांसाठी मराठीत नेमका शब्द तयार आहे : बेचिराख. त्यात 'राख' नाही, 'चिराग' आहे. फारसी 'बे-चिराग', जिथे दिवा लागत नाही ते. महसुली कागदांत वस्ती नसलेल्या मौजाला आजही 'बेचिराख गाव' म्हणतात, मग तिथे आग लागलेली असो वा नसो. फ्लरीला दोन्ही अर्थ लागू पडतात.

तेव्हा लेखात पहिल्यांदा 'कम्यून' लिहून एका वाक्यात उलगडा करा, पुढे खुशाल 'गाव' म्हणा.