वाचकांचे प्रश्न : अग्निशमन दलात स्वयंसेवक व्हायचे आहे

लहान शहरांच्या अग्निशमन दलांत पगारी जवान मोजकेच असतात, कित्येक ठिकाणी तर एकही नसतो. आगीची वर्दी आली की हातातले काम टाकून धावणाऱ्या स्वयंसेवकांवरच बंब बाहेर पडतो. अशा दलात जाऊ पाहणाऱ्या आणि नुकत्याच गेलेल्या वाचकांची काही पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : वय ४६, चष्मा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्या दलाला माणसे हवी आहेत, पण जळत्या घरात शिरण्याचे धाडस माझ्यात नाही. अर्ज करू का?

जरूर करा, आणि धाडसाबद्दल जे आम्हाला लिहिले तेच दलप्रमुखांनाही सांगा. आत दोघे गेले की बाहेर त्याहून जास्त माणसे लागतात : पंपावर एक, हायड्रंटवर (बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळावर) एक, रहदारी अडवायला एक-दोन. शिवाय आत गेलेल्यांची नावे, वेळ आणि पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब फळ्यावर लिहीत राहणारा एक जण लागतो. गोंगाटातही ज्याचे डोके शांत राहते असा माणूस या फळ्यापाशी मिळणे सर्वांत कठीण असते, आणि आत गेलेल्यांचा जीव त्याच्या हिशेबावर असतो. या कामाला कोणी दुय्यम म्हणत असेल तर त्याने अजून मोठी आग पाहिलेली नाही.

तपासणीत मात्र हयगय नको. अमेरिकेत कर्तव्यावर असताना होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत वर्षानुवर्षे सर्वांत मोठे कारण हृदयविकाराचे राहिले आहे, भाजणे किंवा भिंत कोसळणे हे नव्हे. म्हणून डॉक्टरांकडून नुसता ‘फिट’ असा दाखला घेऊ नका. गाढ झोपेतून उठून काही मिनिटांत वीस किलोंहून जास्त वजन अंगावर घेऊन जिना चढावा लागू शकतो, हे त्यांना सांगा आणि ट्रेडमिलवरची चाचणी हवी का ते विचारा. चष्म्याच्या काड्यांमुळे मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. मास्कच्या आत बसवायची वेगळी फ्रेम मिळते, ती दलाकडे मागा.

प्रश्न : दोन महिने झाले, पाइप उलगडायचे आणि गुंडाळायचे एवढेच चालले आहे. खरे प्रशिक्षण कधी सुरू होते?

ते सुरू झाले आहे. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर पाइपात पाणी भरले की नुसत्या पाण्याचेच वजन ४७ किलोंच्या आसपास होते. ४५ मिलिमीटरच्या पाइपात सुमारे २४ किलो. पाणी सोडण्याआधी पाइप दाराच्या बाहेर सैल वळणांत मांडला नसेल, तर भरल्यावर तो दोघांना ओढवत नाही. तो हमखास अडतो तो दाराच्या कोपऱ्यावर आणि जिन्याच्या पहिल्या वळणाशी. पीळ राहिला तर तिथेच मुडपतो आणि नोझलवरच्या, म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी धरलेल्या, माणसाचे पाणी ऐन वेळी अर्ध्यावर येते. म्हणून नोझलवाल्याच्या मागे एक आणि कोपऱ्यावर पाइप सरकवायला एक, असा सराव करून घेतात. नोझल सावकाश उघडायचे, त्याहून सावकाश बंद करायचे. झटक्यात बंद केले की पाण्याचा धक्का उलटा मागे जातो. त्यात पाइप फुटतो, पंपालाही इजा होते.

पाणी कुठे मारायचे हे त्यानंतर येते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० पट जागा व्यापते. बंद खोलीत घाईने भसाभस पाणी मारले की तीच वाफ आत असलेल्यांना भाजते. ओल्या हातमोज्यांतून तर ती चटकन आत शिरते.

प्रश्न : आमचा सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बारचा. तो ३५ मिनिटे पुरतो असे सांगितले होते. सरावात १८ व्या मिनिटालाच हवा संपत आल्याची शिट्टी वाजली. सिलिंडर खराब आहे का?

बहुधा नाही. हिशेब करून पाहू; बार हे दाबाचे माप. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २,०४० लिटर. पण इतक्या दाबाखाली हवा त्या प्रमाणात दबत नाही, त्यामुळे हाती येते ती १,८५० लिटरच्या आसपास. शिट्टी ५५ बारच्या सुमारास वाजते. त्या वेळी उरलेली ३७० लिटर राखीव धरायची. राहिली १,४८०. मिनिटाला ४० लिटर धरले तर ३७ मिनिटे. जिना चढताना किंवा माणूस ओढताना मिनिटाला ८० लिटर सहज लागतात, मग १८ मिनिटे. तुमचा सिलिंडर ठीक आहे, तुमचा श्वास जोरात चालला होता.

तरीही तीन गोष्टी तपासा. सुरुवातीचा दाब २७० बारपेक्षा कमी असेल तर तो सिलिंडर घेऊच नका. सिलिंडर आणि मास्कचा सेट जोडून व्हॉल्व्ह उघडा, पुन्हा बंद करा आणि एक मिनिट काट्यावर नजर ठेवा. काटा १० बारहून जास्त उतरला तर गळती आहे. आणि दाढी. दोन दिवसांचे खुंटही मास्कच्या रबराखाली फट ठेवतात. आत दाब जास्त असल्याने हवा त्या फटीतून बाहेर जात राहते. धूर आत येत नाही म्हणून ते ध्यानातही येत नाही, आणि हवा मात्र संपत जाते.

शिट्टी होईपर्यंत आत थांबायचे, असा समज नवख्यांत फार आहे आणि तो जीवघेणा आहे. शिट्टीच्या वेळी तुम्ही दाराबाहेर असायला हवे. जर्मनीत शिकवला जाणारा नियम चांगला आहे : जाताना जेवढी हवा लागली त्याच्या दुप्पट परतीसाठी ठेवायची. २९० बारवर शिरलात, जागेवर पोचलात तेव्हा काटा २३० वर, म्हणजे ६० खर्च. १२० वर माघारी फिरायचे, मग हातातले काम राहिले तरी चालेल. दोघांपैकी ज्याचा काटा खाली, त्याच्यावर दोघांचा निर्णय. खप कमी करायचा तर हवा आत ओढण्याकडे नव्हे, ती लांबवर बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. मास्कची काच झाकून अंधारात रांगण्याचा सराव वारंवार केला की छातीतली धडधड आपोआप उतरते.

प्रश्न : वर्दी आली की स्वतःच्या मोटारीतून केंद्रावर जातो. सिग्नल तोडला तर चालतो का?

नाही. खासगी गाडीला कोणती सवलत आहे ते स्थानिक कायदा ठरवतो, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते. केंद्राकडे जाताना झालेल्या अपघातांत स्वयंसेवक दगावले आहेत. या प्रवासाला दलाचा विमा लागू आहे का, ते लेखी विचारून घ्या. दारू घेतली असेल त्या रात्री जाऊच नका.

प्रश्न : कोट-पँटला धुराचा वास राहतो. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये धुऊ का?

अजिबात नको. अग्निशामकाचे काम कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले. त्या वासात काजळी आणि जळलेल्या प्लॅस्टिकची रसायने असतात. घरच्या मशीनमधून ती मुलांच्या कपड्यांना लागतात. आग विझल्यावर तिथेच, मास्क न काढता, एकमेकांच्या अंगावरचा कोट ब्रशने झाडा आणि साबणाच्या पाण्याने धुऊन टाका. मग हातमोजे, टोप आणि कोट जाड पिशवीत बांधून बंबाच्या सामानाच्या कप्प्यात टाका, माणसे बसतात तिथे नव्हे. मान, कानामागची जागा आणि मनगटे ओल्या कापडाने तिथेच पुसा. घरी पोचताच, काही खाण्याआधी, अंघोळ. ज्वाळा दिसेनाशा झाल्यावर ढिगारा उकरतानाही मास्क चेहऱ्यावरच हवा. धुमसणाऱ्या राखेतून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतच असतात. दलाकडे धुलाईची सोय नसेल, तर स्वयंसेवकांनी मिळून पुढच्या बैठकीत पहिली मागणी हीच करावी.