भावाला लिम्फोमा असल्याचा संशय आहे. पूर्ण गाठ काढून तपासेपर्यंत थांबावे का, आणि पहिली किमो कशी असते?

आपण कराडहून लिहिले आहे की, 26 वर्षांच्या भावाच्या मानेतील गाठीची सुईने तपासणी झाली, अहवालात ‘लिम्फोमाची शक्यता’ असे आले, आणि आता डॉक्टर संपूर्ण गाठ काढून तपासायला सांगत आहेत. घरच्यांना मात्र हा वेळकाढूपणा वाटतो. मी सांगलीची. काही वर्षांपूर्वी मला लिम्फोमा झाला होता आणि माझे उपचार मिरजेत झाले. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलेली असल्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: गाठ काढून घ्यावी, आणि आजाराचा नेमका प्रकार कागदावर येईपर्यंत किमोची घाई करू नये. श्वास घ्यायला त्रास होणे किंवा चेहरा सुजणे अशी लक्षणे असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर स्वतःच थांबत नाहीत.

लिम्फोमा हा एक आजार नव्हे. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे त्याचे दोन मोठे गट आहेत आणि दुसऱ्या गटात कित्येक प्रकार येतात. त्यांतले काही इतके संथ असतात की डॉक्टर नुसते लक्ष ठेवून राहतात, तर काहींत आठवडाभराचा उशीरही परवडत नाही. सुईतून सुट्या पेशी येतात. त्या गाठीत कशा मांडलेल्या होत्या हे त्यातून कळत नाही, आणि निदान तर बरेचसे त्या मांडणीवरच ठरते. गाठ हाती आल्यावर तिच्यावर आयएचसी नावाची तपासणी करतात. पेशींवर कोणती प्रथिने आहेत हे तिच्यातून कळते, आणि त्या प्रथिनांना सीडी 20, सीडी 30 अशी नावे असतात. माझ्या अहवालात ‘सीडी 20 पॉझिटिव्ह’ आले, म्हणून मला त्या प्रथिनावर नेम धरणाऱ्या रितुक्सिमॅब या औषधासह आर-चॉप हा औषधांचा संच मिळाला. हॉजकिनच्या नेहमीच्या प्रकारात सीडी 30 आणि बहुधा सीडी 15 सापडतात, आणि तिथे सहसा एबीव्हीडी ही वेगळीच चार औषधे देतात. अंदाजाने सुरू केलेली किमो चुकीच्या आजारावर चाललेली असू शकते, हे घरच्यांना एवढ्याच उदाहरणावरून पटवून देता येईल.

आपल्याकडे या उशिरात टीबीचाही वाटा असतो. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि उतरणारे वजन ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच दिसतात, आणि टीबी आपल्याकडे कितीतरी अधिक आढळतो. त्यामुळे मलाही सुरुवातीला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मात्र गोळ्या घेऊनही गाठ वाढत असेल तर ‘कोर्स पूर्ण होऊ द्या’ म्हणून महिनोन्‌महिने बसू नये. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भावाला बरे वाटावे म्हणून कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ केल्या, तर गाठ काढून होईपर्यंत त्या घेऊ नयेत, निदान कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तरी नाहीच. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ झपाट्याने विरते, घरात आनंदीआनंद होतो आणि नंतर काढलेल्या तुकड्यात निदान होण्याजोगे काही उरत नाही.

गाठ काढल्यावर ती फॉर्मलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत जाते आणि तिथे मेणात बसवून तिचा ब्लॉक तयार होतो. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर बसवलेला, काडेपेटीहूनही लहान असा तो मेणाचा ठोकळा असतो आणि त्याच्या कडेला नंबर लिहिलेला असतो. हा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स अर्ज करून मागून घेता येतात. पुण्याला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे झाले, तर तिथे आधी हेच मागतात. नुसत्या अहवालाच्या झेरॉक्सवर काम होत नाही. माझ्या यजमानांनी तो ब्लॉक चष्म्याच्या डबीत कापूस घालून नेला होता. उन्हात तापलेल्या गाडीत मात्र तो ठेवू नये.

आजार शरीरात कुठवर पसरला आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनविषयी थोडक्यात सांगते. सहा तास उपाशी राहावे लागते, रक्तातील साखर आटोक्यात असावी लागते आणि इंजेक्शन दिल्यावर तासभर न बोलता पडून राहायचे असते. त्या इंजेक्शनमधले किरणोत्सारी औषध दर 110 मिनिटांनी निम्मे होते, म्हणून दिलेली वेळ चुकवू नये. अहवालात चौथी स्टेज आली तरी घरात लगेच हाय खाऊ नका. इतर अनेक कर्करोगांत चौथ्या स्टेजचा जो अर्थ होतो तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही, आणि हॉजकिनचे त्या स्टेजचे बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात.

आता आपल्या घरात बहुधा कोणीच काढणार नाही असा विषय. किमोमुळे पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. एबीव्हीडीत हा धोका तुलनेने कमी असला, तरी पुढे उपचार वाढवावे लागले तर तो वाढतो. म्हणून पहिल्या डोसच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याचा पर्याय अविवाहित तरुणाला तर विचारायलाच हवा. तपासणीच्या खोलीत आई, मामा, काका सगळे उभे असताना रुग्ण हे बोलत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडूनही राहून जाते. आपण भावाशी एकट्याने बोला, आणि त्याची इच्छा असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा. किमो सुरू झाल्यावर ही संधी राहत नाही.

पहिल्या किमोआधी रक्त, यकृत, मूत्रपिंड, कावीळ बी, एचआयव्ही आणि हृदयाची टू-डी इको एवढ्या तपासण्या होतात. एबीव्हीडीतले ब्लिओमायसिन हे औषध द्यायचे असेल तर फुप्फुसांचीही. उंची आणि वजन काटेकोर घेतात, कारण औषधाची मात्रा त्यावरूनच काढतात. मला रितुक्सिमॅब अगदी हळू सुरू केले होते, तरी तासाभरात हुडहुडी भरून दात वाजू लागले. सिस्टरांनी शांतपणे ते बंद केले, ॲलर्जीवरचे एव्हिलचे इंजेक्शन दिले, अंगावर दोन ब्लँकेट टाकले आणि कापरे थांबल्यावर तेच औषध आणखी कमी गतीने पुन्हा लावले. पुढच्या खेपांना असे काही झाले नाही. एबीव्हीडीत हे औषध नसते, पण त्यातले डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध माझ्याही उपचारात होते. ते शिरेबाहेर झिरपले तर आतले मांस जळते. म्हणून हात जरा जरी चुरचुरला तरी संकोच न करता त्याच क्षणी सांगायचे. त्यानंतर दिवसभर लघवी लालसर होते, ते रक्त नसते. एबीव्हीडीतल्याच डाकार्बाझिनची बाटली झाकलेली दिसली तर घाबरू नये, कारण उजेडाने ते औषध बिघडते.

उलट्यांची भीती सर्वांना असते, पण त्यावरच्या गोळ्या आता चांगल्या आहेत. त्या उलटी होण्याची वाट न पाहता लिहून दिलेल्या वेळेला घ्याव्यात. मला खरा त्रास बद्धकोष्ठाने दिला आणि त्याची कल्पना कोणी दिली नव्हती. केस साधारण तिसऱ्या आठवड्यात जाऊ लागतात.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, आणि घरच्यांचे खरे काम तेव्हा असते. थर्मामीटर घरात हवाच. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि संसर्ग तसाच वाढत राहतो. ‘रुग्णाची किमो चालू आहे’ अशी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, म्हणजे कॅज्युअल्टीत रांगेत बसावे लागत नाही. पेशी वाढवण्याचे इंजेक्शन घरी आणायचे असल्यास ते बर्फाच्या डब्यातून आणावे, पण गोठू देऊ नये. ते घेतल्यावर कंबर आणि हाडे ठणकतात.

माझी किमो नेमकी द्राक्षांच्या हंगामात होती. तासगावचे नातेवाईक पेटी घेऊन येत आणि मी एकही मणी तोंडात टाकत नाही म्हणून मनातून खट्टू होत. पेशी कमी असताना केळे, संत्रे अशी सोलून खायची फळे बरी, असे मला सांगितलेले होते. हळदीच्या गावात राहत असल्यामुळे हळदीचे काढे आणि कॅप्सूलही सुचवल्या गेल्या. जेवणातली हळद चालतेच. काढे आणि कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ देऊ नका.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र तिची मंजुरी उपचारांआधी घ्यावी लागते, म्हणून रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना आधी भेटावे. उपचारासाठी जाताना रेल्वेतही सवलत मिळते. तिचा छापील नमुना डॉक्टरांकडून भरून घ्यावा.

हॉजकिनच निघाला, तर दोन सायकलनंतर, म्हणजे किमोच्या ठरलेल्या दोन फेऱ्यांनंतर, बहुधा पुन्हा पेट स्कॅन सांगतील. तो स्वच्छ आला तर पुढच्या सायकलमधून ब्लिओमायसिन वगळता येते का, हे आवर्जून विचारा. ते औषध फुप्फुसांना इजा करू शकते. म्हणून भावाला कोरडा खोकला सुरू झाला किंवा जिना चढताना दम लागू लागला, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.