सॉफ्टवेअर आहे ना, मग ही रात्रभर काय सोडवते?

प्रश्न : मुलगी नागपुरातच केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क बरे आहेत. पण पेंग-रॉबिन्सन नावाचं कुठलंसं समीकरण घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर बसते. हे काम सॉफ्टवेअर एका बटणावर करतं, असं माझ्या साडूंचा मुलगा सांगतो. तो हिंजवडीत आयटीत आहे, पॅकेज चांगलं आहे. आम्ही तिला कोडिंगचा क्लास लावला, बँकेचा फॉर्मही भरला. दीडशे वर्षं जुन्या गणितात स्कोप नाही, हे तुम्हीच तिला समजावून सांगा.
(एक पालक, मानेवाडा)

उत्तर : साडूंच्या मुलाची नोकरी, शहर, पगार, सगळं कळलं. मुलगी काय म्हणते, ते एका ओळीतही सापडलं नाही. क्लास ‘आम्ही’ लावला, फॉर्म ‘आम्ही’ भरला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीचा फॉर्म घरचे परस्पर भरतात, तेव्हा मला तिच्या मार्कांपेक्षा तुमच्या घरातल्या बोलाचालीची काळजी वाटते. त्या क्लासला ती शिकायला जाते की नुसती हजेरी लावायला, हे कधी विचारलंत? जागरणाबद्दल बोलायचं तर जरूर बोला, ते रास्त आहे. पण तुमची तक्रार जागरणाची दिसत नाही. रील्स बघत दोन वाजवले असते, तर मला पत्र आलं नसतं.

आता त्या बटणाबद्दल. दाब, तापमान आणि आकारमान यांचं नातं सांगणाऱ्या एकाच समीकरणात वायू आणि द्रव दोन्ही बसवण्याची वाट डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी १८७३च्या प्रबंधात दाखवली. १९१०चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मुलीचं समीकरण त्याच घराण्यातलं, पण १९७६चं, कॅनडातलं. दाब आणि तापमान दिलं की आकारमानासाठी तिसऱ्या घाताचं समीकरण उरतं. द्रव आणि वायू दोन्ही शक्य असतील तिथे तीन मुळं, म्हणजे तीन उत्तरं, येतात: सर्वांत मोठं वायूचं, सर्वांत लहान द्रवाचं, मधलं टाकून द्यायचं. राहिलेल्या दोघांत टिकणारं कोणतं, ते फ्युगॅसिटी (पदार्थाची त्या अवस्थेतून निसटण्याची ओढ) काढून ठरतं. सॉफ्टवेअर हे क्षणात करतं, कबूल. पण त्याआधी ते विचारतं, समीकरण कोणतं वापरू? प्रोपेन-ब्युटेनला पेंग-रॉबिन्सन छान चालतं. साध्या मिश्रण-नियमांसह (दोन पदार्थांचे आकडे एकत्र करायच्या रीतीसह) तेच अल्कोहोल-पाण्याला लावलं, तर चार दशांश स्थळांपर्यंत नीटनेटकं चुकीचं उत्तर येतं, आणि स्क्रीनवर एकही लाल अक्षर उमटत नाही. त्या उत्तरावर कुणीतरी डिस्टिलेशन कॉलम, म्हणजे मिश्रण उकळून घटक वेगळे करणारा मनोरा, उभा करतो. ही चूक आधी पकडणाऱ्या माणसाला कंपन्या पगार देतात.

आपल्याच गावाचं बघा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. गारव्यासाठी त्यावर चालणारं कोल्ड स्टोरेज नागपुरात बसवायचं, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत बाहेरच्या हवेवरचा नेहमीचा कंडेन्सर (वायू गार करून त्याचा द्रव करणारा भाग) कामाचा नाही. हिशेब त्या ३१ अंशांच्या आसपास करावा लागतो, आणि ही समीकरणं नेमकी तिथेच लटपटतात.

गेट, मग एमटेक किंवा सरकारी कंपन्या, हा रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच. तिने गेट द्यावी.

मुलीलाही एक स्पष्ट सांगायचं आहे. तिसऱ्या घाताचं समीकरण सोडवणारा प्रोग्राम लिहिला, एवढ्यावर कुणी नोकरी देत नाही. तो गृहपाठ झाला. समीकरण कुठे फसतं आणि का, हे सांगता आलं पाहिजे. शिवाय प्रोसेस डिझाइनची बरीच कामं मुंबई, पुणे, वडोदऱ्याकडे आहेत, म्हणजे नागपूर सोडावं लागेल. तुमची खरी अडचण कदाचित इथेच असेल. असेल तर तिच्याशी तसं बोला, समीकरणाच्या वयाआड लपू नका.

मी तिला समजावणार नाही. प्रोपेन-ब्युटेन आणि अल्कोहोल-पाणी, दोन्हींचे तिने काढलेले आलेख प्रयोगातल्या मोजलेल्या आकड्यांशेजारी मांडून तिने मला पाठवावेत. पुढचं मी तिच्याशीच बोलेन. बँकेच्या परीक्षेचं हॉलतिकीट आलं की तिच्या हातात द्या. जायचं की नाही, ते ती बघेल.