संयुक्त ताबा म्हणजे निम्मे-निम्मे दिवस?

प्रश्न : आम्ही विभक्त झालो आहोत. मुलगी ४ वर्षांची, मुलगा ११ वर्षांचा. संयुक्त ताबा घेतला तर मुलांचे दिवस निम्मे-निम्मे वाटावेच लागतात का?

उत्तर : नाही. ताब्याचे दोन भाग असतात. शाळा, उपचार यांसारखे मोठे निर्णय कोणी घ्यायचे, हा कायदेशीर ताबा. मूल कुणाकडे राहणार, हा प्रत्यक्ष ताबा. निर्णय दोघांचे, मुक्काम मुख्यतः एकाकडे आणि दुसऱ्याला ठरलेल्या भेटी, असंही चालतं. मुलाच्या सुरक्षिततेची शंका असेल, तर भेट तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली होते.

दिवस वाटायचेच असतील, तर लहानग्यांसाठी २-२-३ हे वेळापत्रक वापरतात : दोन दिवस एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, पुढचे तीन पुन्हा पहिल्याकडे. त्यात कुणापासूनही ३ दिवसांपेक्षा जास्त दुरावा येत नाही. मात्र १४ दिवसांत ६ वेळा घर बदलतं आणि वारही दर आठवड्याला उलटतात. आठवडा-आठवडा पद्धतीत बदल दोनच. अकरा वर्षांच्या मुलाला ते झेपेल, चार वर्षांच्या मुलीला ७ दिवस फार होतात. भावंडांना एकत्र ठेवणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं, म्हणून तुम्ही २-२-५-५ चा विचार करा : सोमवार-मंगळवार कायम एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे, शुक्रवार ते रविवार आळीपाळीने. दोन्ही घरं शाळेजवळ असली तरच हे जमतं.

करारात ‘सोयीनुसार भेट’ असं मोघम लिहू नका. बहुतेक भांडणं तिथूनच उगवतात. वार, वेळ, ने-आण कोण करणार, सुट्ट्या कशा वाटायच्या, हे स्पष्ट लिहा. घर बदलायच्या दिवशी सकाळी एकाने शाळेत सोडावं, सुटल्यावर दुसऱ्याने आणावं. मुलांसमोर दारातली वादावादी टळते.