दोन व्हीआरएफ वेगळे ठेवून दोघांनाही एकच सर्व्हर कसा द्यायचा?

तुमच्या सिस्को कॅटॅलिस्ट स्विचवर ऑफिस आणि कॅमेरे असे दोन व्हीआरएफ (एकाच स्विचवरची वेगवेगळी रूटिंग टेबलं) आहेत, ते एकमेकांना दिसायला नकोत, पण डीएनएस-एनटीपीचा (नावांवरून पत्ते शोधणारा आणि वेळ जुळवणारा) सर्व्हर दोघांना एकच हवा. ऑफिसच्या बाजूने स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट टाकलात तरी पिंगला उत्तर नाही, असं तुम्ही लिहिलंय.

पिंग बहुधा सर्व्हरपर्यंत पोचतंय, परतीचा रूट नाही. सर्व्हर ज्या टेबलात आहे तिथे ऑफिसचं सबनेट कुणी सांगितलेलंच नाही. रूट लीक करायचा, म्हणजे एका व्हीआरएफचा रूट दुसऱ्याला द्यायचा, तर दोन्हीकडून.

स्टॅटिकच्या नादी लागू नका. सर्व्हरसाठी तिसरा व्हीआरएफ करा. सर्व्हर ग्लोबल टेबलात (कुठल्याच व्हीआरएफचं नसलेलं मूळ टेबल) राहिला तर तिथून लीक करायची पद्धत वेगळी आहे आणि जरा कटकटीची. ऑफिसला आरडी (रूट डिस्टिंग्विशर) ६५०००:१०, कॅमेऱ्यांना ६५०००:२०, सर्व्हरला ६५०००:९९ द्या. रूट-टार्गेटलाही तेच आकडे ठेवा. प्रत्येक व्हीआरएफने आपला आकडा एक्स्पोर्ट करायचा. ऑफिस आणि कॅमेरे दोघांनी फक्त ९९ वाला इम्पोर्ट करायचा, सर्व्हरने १० आणि २० दोन्ही. आकडे सारखे असले तरी कामं वेगळी आहेत: आरडीमुळे रूट कुठल्या व्हीआरएफचा ते कळतं, तो कुणाला द्यायचा ते रूट-टार्गेट ठरवतं.

मग ‘राउटर बीजीपी ६५०००’ टाका, बीजीपी म्हणजे रूटची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल. नेबर (बीजीपीने जोडलेला दुसरा राउटर) एकही लागत नाही, पण प्रत्येक व्हीआरएफच्या अ‍ॅड्रेस-फॅमिलीखाली (बीजीपीतला त्या व्हीआरएफचा भाग) ‘रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड’, म्हणजे थेट जोडलेली सबनेट बीजीपीला देणं, हवंच. ते राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही काही लीक होत नाही. नंतर ‘शो आयपी रूट व्हीआरएफ’ने तिन्ही टेबलं बघा, आलेल्या रूटपुढे ‘बी’ दिसेल. स्विचवरून तपासताना ‘पिंग व्हीआरएफ’ आणि नाव द्या, नुसतं पिंग ग्लोबल टेबलातून जातं.

ऑफिस सर्व्हरमार्गे कॅमेऱ्यांत शिरेल ही भीती नको. इम्पोर्ट झालेला रूट पुन्हा एक्स्पोर्ट होत नाही, त्यामुळे ऑफिसच्या टेबलात कॅमेऱ्यांचा रूट येतच नाही. सर्व्हरलाच कुणी ताब्यात घेतलं तर गोष्ट वेगळी, कारण त्याला दोन्हीकडे जाता येतं आणि लीक केलेल्या रूटवर फायरवॉल मध्ये नसते. सर्व्हरच्या व्हीलॅनवर एसीएल (ट्रॅफिक गाळणारे नियम) लावा: ५३ (डीएनएस) आणि १२३ (एनटीपी) पोर्ट खुले ठेवा, बाकी बंद.

एक सावधगिरी. इंटरफेसवर ‘व्हीआरएफ फॉरवर्डिंग’ टाकलं की त्याचा आयपी उडतो. तुम्ही त्याच आयपीवर एसएसएचने (दुरून लॉगिन) आला असाल तर बाहेर फेकले जाल. आधी कॉन्फिग सेव्ह करा, ‘रीलोड इन १०’ लावा (दहा मिनिटांनी स्विच सेव्ह केलेल्या कॉन्फिगने रीस्टार्ट होतो) आणि मग हात घाला. जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नका, नाहीतर भर दिवसा स्विच रीस्टार्ट होईल.

दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच सबनेट असेल तर मात्र यातलं काही चालणार नाही. वेगवेगळ्या व्हीआरएफमध्ये ते गुण्यागोविंदाने नांदतं, पण सर्व्हरच्या टेबलात दोघांतला एकच रूट टिकतो आणि दुसऱ्याची उत्तरं चुकीच्या बाजूला जातात. नॅट (वाटेत पत्ते बदलणं) करता येतं, पण मी तरी कॅमेऱ्यांचं सबनेटच बदलेन.