फोनवर तब्येतीची चौकशी

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. राज्याच्या आरोग्य खात्यातून फोन आला. सिगारेट, दारू, व्यायाम, वजन, झोप, सगळं विचारलं. हजार-दोन हजार लोकांना विचारून अख्ख्या राज्याचं काय कळणार? आणि लोक खरं सांगतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा फोन बहुधा अमेरिकेतल्या ‘बीआरएफएसएस’ या आरोग्याच्या सवयींच्या सर्वेक्षणाचा. ते १९८४ मध्ये १५ राज्यांत सुरू झालं. आता सगळ्या राज्यांत मिळून वर्षाला ४ लाखांहून जास्त मुलाखती होतात, त्यामुळे तुमचे ‘हजार-दोन हजार’ जरा कमीच. पण खरी मेख आकड्यात नाही, निवडीत आहे. भाताचं शीत दाबून पाहतो ना, तसंच. फक्त भांडं नीट ढवळलेलं हवं. म्हणून नंबर यंत्र काढतं, कुणाच्या मर्जीने निवडत नाहीत. घरचा फोन असेल तर उचलणाऱ्यालाच विचारत नाहीत, घरातल्या प्रौढांतून एकाची निवड होते. नाहीतर दिवसभर घरी असणारे आजी-आजोबाच राज्याची तब्येत ठरवायचे! तरुणांनी घरचे फोन काढून टाकले, तेव्हा २०११ पासून मोबाइलवरची उत्तरंही धरू लागले. नंबर एका राज्याचा नि माणूस दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर उत्तर राहत्या राज्याच्या खात्यात जातं.

खरं सांगतात का? वजन चोरतात, उंची वाढवतात. त्यामुळे लठ्ठपणा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरी येऊन वजन-उंची मोजतात, ते मला जास्त पटतं. खर्चिक मात्र फार. तरी फोनवर तीच चूक दरवर्षी होत असेल, तर चढउतार समजतो.

मुलाला सांगा, उत्तर देणं ऐच्छिक आहे. बँकेचा तपशील मागितला, तर फोन ठेवावा.