पुण्यात समुद्री मासे ठेवायचा, चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक साठ हजारांत बसेल का? पैसे कुठे वाचवावेत?

बसेल. कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा, मोह सोडला, पाणी गार ठेवणाऱ्या चिलरच्या जागी पंखे लावले आणि काचेचं काम स्थानिक माणसाकडून करून घेतलं तर साठात बसतो. माझा बसला होता. पण तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की "प्लंबिंग घरचाच माणूस करणार आहे, तेवढेच वाचतील." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय, नाहीतर इथे मी नुसता वाचतो.

घरचा माणूस माझ्याकडेही होता. आमचे भावोजी. प्लंबिंगचे ठेकेदार, पाच-सहा सोसायट्यांच्या लाइनी टाकलेल्या, कामाला चोख. माझा टँक ४ बाय २ बाय २ फूट, म्हणजे साधारण ४५० लिटर, आणि खाली कपाटात तीन फुटी सम्प, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरतं ती दुसरी टाकी. तिथून मोटर ते पाणी रिटर्नच्या पाइपाने परत वर टाकते. या पाइपाचं तोंड त्यांनी पाण्याखाली चांगलं चार इंच नेलं. का, तर आवाज नको आणि बुडबुडे नकोत. मी म्हटलं, भावोजी, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली या पाइपाला एक भोक पाडू या, ३ मिलिमीटरचं. वीज गेली, मोटर थांबली, की हाच पाइप वरचं पाणी उलटं खाली ओढतो. पातळी थोडी उतरून भोक उघडं पडलं की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. एवढंच.

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांच्या गाडीच्या टाकीला भोक पाडायला सांगितलं. "कोऱ्या पाइपाला भोक? अरे, टॉवरच्या टॉवर उभे केलेत आम्ही, तू मला पाणी शिकवतोस?" संध्याकाळी ते एनआरव्ही घेऊन आले, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. ४२० रुपयांचा, स्वतःच्या खिशातून. जावयाने पदरमोड करून आणलेली वस्तू परत कशी करायची? आईने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी गप्प बसलो.

सात महिने काही झालं नाही. अधूनमधून वीज जायची, झडप बंद व्हायची, भावोजी बरोबर ठरायचे.

मग एक गुरुवार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे तुम्हाला सांगायला नको. मी ऑफिसात, आई घरी एकटी. साडेदहाला तिचा फोन आला, "अरे, तुझा समुद्र हॉलमध्ये आलाय."

हिशोब नंतर बसून केला, तो आधी करायला हवा होता. टँकचा तळ चार बाय दोन फूट, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की सात लिटरांहून जास्त पाणी खाली येतं. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर, म्हणजे ७५ लिटर. सम्पमध्ये रिकामी जागा जेमतेम ३५ लिटरची. उरलेलं चाळीस लिटर खारं पाणी कपाटाच्या प्लायमधून फरशीवर, सोफ्याखालून पॅसेजमध्ये, आणि तिथून डक्टच्या फटीतून खालच्या काकूंच्या घरात. आईने घरातले सगळे पंचे, दोन सोलापुरी चादरी आणि बाबांचं एक जुनं धोतर टाकून बांध घातला होता. मी पोचलो तेव्हा ती त्या बांधाच्या अलीकडे स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती आणि मासे वर टँकमध्ये निवांत.

साधं पाणी असतं तर वाळून गेलं असतं. खाऱ्या पाण्याने लोणा लागतो. काकूंच्या छताला मी दोनदा रंग लावून दिला, आणि दोन्ही पावसाळ्यांत त्याच जागी पांढरी पूड फुलून आली. शेवटी तेवढा गिलावा खरवडून नवा केला. सगळे मिळून अकरा हजार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे ऐकून घेतलं ते वेगळं.

त्याच रात्री एनआरव्ही खोलला. झडपेच्या बिजागरीत तांदळाच्या दाण्याएवढा एक शंख अडकला होता. पिल्लू असताना पाण्याबरोबर आत गेला असणार आणि तिथेच वाढला. शिवाय कडेला चुन्याची खरखरीत पुटं. इमारतीच्या लाइनीत एनआरव्ही वर्षानुवर्षं चालतो, कारण तिथे गोडं, स्वच्छ पाणी असतं. आपल्या टँकमध्ये कॅल्शियम असतं, जीव असतात, ते मिळेल त्या जागी घर करतात. भावोजींना शंख कागदावर ठेवून दाखवला. ते म्हणाले, "सम्प एवढा काठापर्यंत भरायला कोणी सांगितलं होतं?" त्यानंतर भाच्याच्या मुंजीत त्यांनी चाळीस माणसांसमोर सांगितलं की आमच्या मेहुण्याने घरात स्विमिंग पूल काढलाय. ताई हसली. ते मी विसरलेलो नाही.

तर घरचा माणूस फुकट असतो, पण त्याला "असं नको, तसं कर" म्हणता येत नाही. बाहेरच्याला पैसे द्या आणि भोक पाडून घ्या.

बाकीचं भराभर सांगतो. मिठात काटकसर करू नका. पहिल्या भरणीलाच १७-१८ किलो लागेल, ते मत्स्यालयाचंच घ्या, मिठागराचं खडं मीठ नाही. घरच्या आरओला चवीसाठी मिनरलची सोय असते, ती चालत नाही. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) शून्याच्या आसपास आकडा हवा, आणि टँकरचं पाणी येणाऱ्या भागात तर हवाच. पंख्याने पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जातं. ती भर आरओच्या गोड्या पाण्याची घालायची, मीठ उडत नाही. लाइव्ह रॉकवर, म्हणजे जिवाणू वसलेल्या समुद्री दगडावर, पैसे घालवू नका, कोरडा दगड घ्या आणि मासे सोडायच्या आधी महिना-दीड महिना पाणी पिकू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होऊ द्या. कोणी "रामेश्वरचा माल" म्हणून कोरल लावलेला दगड दाखवला तर उठून या. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ मध्येच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या पंगतीला. क्लाउनफिश हॅचरीत वाढलेलेच मागा, टिकतात. आणि काच, दगड, सम्प धरून सहा-सातशे किलो होतात, तेव्हा टँक खोलीच्या मधोमध नको, बीमवर, भिंतीला लागून. शंका असेल तर इंजिनिअरला विचारा, भावोजींना नाही.

आता खरं ते सांगतो. सम्प मी खरंच जास्त भरला होता. जास्त पाणी म्हणजे जास्त स्थिर टँक, असं कुठेतरी वाचलं होतं. तेवढ्यापुरते भावोजी बरोबर. आणि भोकसुद्धा शेवाळाने बुजतं, माझं दोनदा बुजलंय. महिन्यातून एकदा जुना टूथब्रश फिरवावा लागतो. त्यामुळे नुसत्या भोकावरही विसंबू नका. पाइपाचं तोंडच पाण्याखाली इंचभर ठेवा, आवाज आला तर येऊ दे. मीठ घालायच्या आधी साधं पाणी भरा, मोटर चालू करा आणि भर दिवसा स्वतः मेन स्विच पाडा. खाली उतरणारं पाणी थांबेपर्यंत तिथून हलू नका. सम्प वाहिला नाही तर मोटर पुन्हा चालू करा आणि चालू असताना सम्पमध्ये पाणी जिथे राहतं तिथे सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही. माझी रेघ लाल आहे. भावोजी घरी आले की चहाच्या आधी कपाट उघडून तीच बघतात, बोलत काही नाहीत.

एनआरव्ही अजून माझ्याकडे पडून आहे, हवा असेल तर घेऊन जा. ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट मात्र विकत आणा. भावोजींकडे आहे, पण या कामाला ते देत नाहीत.